बेळगाव ते निपाणी : कानांनी केलेला प्रवास

प्रवासवर्णन म्हटले की डोळ्यांनी पाहिलेले सांगावे, असा प्रघात आहे. नद्या, घाट, देवळे आणि बाजार यांची वर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. आम्ही आज जो प्रवास सांगणार आहोत तो कानांनी केलेला आहे, आणि तोही दुखऱ्या कानांनी. गेली चार वर्षे आमच्या कानांत रातकिड्याच्या किरकिरीसारखा एक आवाज अहोरात्र चालू आहे. बाहेर तो कोणी करीत नाही व दुसऱ्या कोणास तो ऐकूही येत नाही. सुश्रुताने कानाचे अठ्ठावीस रोग मोजले आहेत, त्यांत 'कर्णनाद' म्हणून जो रोग सांगितला आहे तोच हा. त्याच्या पाठोपाठ दुसरी पीडा आली. भांड्यास भांडे लागणे, कुकरची शिटी, रिक्षाचा भोंगा हे आवाज इतरांस सहज सोसतात. आम्हांस ते टाचणीसारखे टोचू लागले. या दुसऱ्या पीडेपायी आम्ही प्रथम बाजार सोडला, मग लग्नकार्ये सोडली आणि शेवटी, सांगावयास लाज वाटते, रविवारची मिस्साही सोडली. ध्वनिक्षेपकातून येणारे गायन आम्हांस बाकावर बसू देईना.

यंदाच्या उन्हाळ्यात बेळगावातील एका कानाच्या डॉक्टरांनी आमची श्रवणचाचणी केली आणि कागदावरील उतरती रेघ दाखवून ते म्हणाले, "मास्तर, बारीक आवाज टिपणाऱ्या आतल्या पेशी झिजल्या आहेत. त्या पुन्हा उगवत नाहीत. हा आवाज मी काढून टाकीन असे मी म्हणणार नाही. पण तुम्ही दारे लावून, कानांत कापूस कोंबून बसता, ते आधी सोडा. रोज थोडे थोडे आवाजांत जा." आम्ही आयुष्यभर मुलांस धडे दिले, आता हा धडा आम्हांस घ्यावयाचा होता. तेव्हा ऑगस्टच्या अखेरीस, मरियामातेच्या जन्माच्या सणाची नोव्हेना सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, आम्ही पिशवी उचलली आणि आपल्याच मुलखात फिरावयास निघालो.

पहिला मुक्काम बेळगाव. १ नोव्हेंबर २०१४ पासून या शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले आहे. आमच्या तोंडी अजून बेळगावच येते. पहाटे आम्ही कॅम्पात गेलो. १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र या शहरात आहे. जुन्या झाडांच्या सावलीतले ते रुंद रस्ते, १८५६ साली स्थापन झालेली सेंट पॉल शाळा आणि फातिमामातेचे कॅथेड्रल, हा सगळा परिसर आमच्या बालपणापासून परिचयाचा. १९ सप्टेंबर १९५३ रोजी बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला, त्याची हकिकत आमचे वडील घरी सांगत असत. या भागातील आमच्या लोकांचे कान मोठे धनवान. घरात कोकणी, गल्लीत मराठी, कचेरीत कानडी आणि शाळेत इंग्रजी अशा चार भाषा एका दिवसात त्यांवरून जातात. अशा श्रीमंत कानांस आम्ही चार वर्षे कापसाच्या बोळ्याने कुलूप घातले होते. त्या पहाटे कापूस खिशातच ठेवला. दूरवर कोठे बिगूल वाजला, दुधाच्या गाडीवरील बरण्या खणखणल्या, आणि पाठोपाठ प्रार्थनेची घंटा झाली. तिचा पहिला ठोका आम्हांस टोचला. पण आम्ही पळालो नाही. क्रुसाची खूण केली आणि मनात प्रार्थना म्हणत उभे राहिलो. शेवटचा ठोका पहिल्याइतका टोचला नाही, एवढेच नमूद करतो.

दुपारी वडगावात गेलो. शहापूर, खासबाग आणि वडगाव ही बेळगावची विणकरांची वस्ती. एके काळी येथे हातमागांचा ठकठकाट होता. पुढे यंत्रमाग आले. यंत्रमागांच्या पत्र्याच्या शेडमध्ये आवाज नव्वद डेसिबलच्या पुढे सहज जातो, आणि आठ तासांच्या पाळीसाठी कारखान्यांत घालून दिलेली आपल्याकडील मर्यादाच मुळी नव्वदची आहे. जागतिक आरोग्य संघटना त्याहूनही सावध आहे. आठवड्याचे चाळीस तास ऐकावयाचे असेल तर ऐंशी डेसिबलच्या वर जाऊ नये, असे ती सांगते. डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नव्हे. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ती दहापट होते. आमच्या ओळखीचे एक वृद्ध विणकर ओसरीवर भेटले. चाळीस वर्षे त्यांनी माग चालवला. आम्ही कानाची गोष्ट काढताच ते मोठ्याने हसले आणि म्हणाले, "आवं मास्तर, माझा माग विकून धा वर्सं झाली. पर कानातला माग कोन इकत घेतोय? त्यो चालूच हाय बघा. रातीला जरा जोरात चालतोय, इतकंच." आम्ही विचारले, "मग झोप कशी येते?" ते म्हणाले, "पंखा लावतोय की. उन्हाळा असू दे, थंडी असू दे. पंख्यासंगं त्यो बी झोपतोय."

त्या म्हाताऱ्याने जे सहज सांगितले त्यामागे मोठे शास्त्र आहे. अंतःकर्णात गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यातील केसासारख्या तंतूंच्या पेशी ध्वनीचे कंपन मज्जातंतूंकडे पोहोचवितात. मोठ्या आवाजाने, वयाने किंवा काही औषधांनी या पेशी निकामी झाल्या म्हणजे मेंदूस त्या सुरांची बातमी मिळेनाशी होते. रेडिओचे केंद्र नीट लागेना तर आपण आवाजाची कळ पिळतो आणि त्याबरोबर खरखरही वाढते. मेंदूही बहुधा असेच काही करतो, आणि ती खरखर म्हणजेच आमचा रातकिडा. कळ अशी पिळलेली असताना बाहेरचे साधे आवाजही भडक वाटले तर नवल कसले? कानांत कापूस घालून बसले की बातमी आणखी कमी होते, कळ आणखी पिळली जाते, आणि दुखणे वाढते. यंत्रमागाच्या शेडमध्ये किंवा फटाक्यांजवळ कान झाकणे हे शहाणपण आहे. स्वयंपाकघरात कान झाकणे हा घात आहे. हा फरक आम्हांस चार वर्षे कळला नव्हता.

शांततेविषयी आमची एक भाबडी समजूत होती, तीही येथेच सांगून टाकतो. निरोगी माणसाच्या कानांत संपूर्ण शांतता असते असे आम्ही समजत होतो. ज्या १९५३ साली आमचा धर्मप्रांत स्थापन झाला त्याच साली हेलर आणि बर्गमन या दोघा अमेरिकन संशोधकांनी चांगले ऐकू येणाऱ्या ८० प्रौढांस आवाजबंद खोलीत बसविले आणि काय ऐकू येते ते विचारले. शंभरांत चौऱ्याण्णव जणांनी कसला ना कसला आवाज ऐकल्याचे सांगितले. तेव्हा ज्या शांततेच्या शोधात आम्ही दारे लावीत होतो ती देवाने बहुधा कोणाच्याच कानांत ठेवलेली नाही.

दुसऱ्या दिवशी गोकाकचा धबधबा गाठला. पावसाळ्याच्या अखेरीस घटप्रभा तांबूस आणि भरलेली असते. सुमारे १७० फुटांवरून ती कड्याखाली कोसळते तेव्हा तिचा घोष कानांनी ऐकण्याआधी छातीस जाणवतो. या पाण्याच्या शक्तीवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे सूतगिरणी उभी राहिली. वर झुलता पूल आहे. एवढा प्रचंड आवाज आम्हांस सोसेल का, अशी धास्ती घेऊन आम्ही पावलापावलाने पुढे गेलो, आणि कठड्याशी उभे राहताच एक चमत्कारिक गोष्ट घडली. आमचा रातकिडा नाहीसा झाला. चार वर्षांत प्रथमच तो ऐकू आला नाही. पाण्याचा तो सारखा, एकसंध आवाज आम्हांस टोचलाही नाही. डोळ्यांत पाणी आले ते तुषारांचे की आमचे, हे आम्ही तपासले नाही.

असा अनुभव घेणारे आम्ही पहिले नव्हे. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या एका प्राचीन प्रश्नसंग्रहात असा प्रश्न आहे की, बाहेर आवाज केला असता कानांतली गुणगुण का थांबते, आणि मोठा आवाज लहान आवाजास हुसकून लावतो म्हणून की काय, असे तेथेच सुचविले आहे. पॅरिस येथील इतार या कर्णवैद्याने १८२१ च्या आपल्या ग्रंथात कानांच्या आवाजाने त्रासलेल्यांस पाणचक्कीशेजारी राहावयास सांगितले, किंवा शेकोटीत ओले लाकूड घालून त्याचे तडतडणे ऐकण्याचा उपाय सुचविला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जॅक व्हर्नन यांनी याच कल्पनेवरून कानात बसविण्याची आवाजाची लहान यंत्रे प्रचारात आणली. वडगावच्या विणकराचा पंखा म्हणजे इतारची पाणचक्कीच. पण धबधब्यापासून अर्धा मैल मागे आलो आणि रातकिडा पुन्हा हजर झाला. उन्हाळ्यात तर घटप्रभेचीच धार बारीक होते. तेव्हा तिच्या भरवशावर कोणी किती राहावे? बाहेरचा आवाज विसावा देतो, रोग काढीत नाही. ही साधी मर्यादा विसरली की पुढे काय होते, ते आता सांगावयाचे आहे.

घटप्रभेहून हुक्केरीमार्गे आम्ही संकेश्वरास आलो. हिरण्यकेशीच्या काठचे हे गाव शंकरलिंगाच्या देवळासाठी आणि तिखट लाल मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. बस थांबली, आणि खिडकीतून एक फलक दिसला. त्यावर कसल्या तरी ध्वनिचिकित्सेची जाहिरात होती. तो पाहून आमच्या मनात दोन वर्षांपूर्वीची एक गोष्ट जागी झाली. ती या गावची नव्हे. गावाचे व माणसाचे नाव सांगण्याचे कारणही नाही. कानांतला आवाज 'मुळासकट' काढून देतो असे सांगणाऱ्या एका गृहस्थांकडे आम्ही गेलो होतो. कानांस यंत्र लावून विशिष्ट कंपनसंख्येचे सूर, मध्येच पितळी वाट्यांचा नाद, अशा एकवीस बैठका होत्या. पैसे आगाऊ. आमच्या दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाइतकी रक्कम आम्ही घरी न सांगता भरली. सातव्या बैठकीस त्यांनी सूर मोठा केला. आम्ही दुखते म्हणालो, तेव्हा ते म्हणाले, "दुखतंय म्हणजे लागू पडतंय." त्या रात्री आणि पुढील कित्येक रात्री झोप लागली नाही. पैसे परत मागण्याचे धैर्य आमच्यात नव्हते. आणि घरी सांगण्याचे तर मुळीच नव्हते. आमच्या पत्नीस ही गोष्ट या प्रवासाच्या आदल्या रात्री कळली. ती एवढेच म्हणाली, "पैशाचं जाऊ द्या हो, मला का नाही सांगितलंत?" कानांतल्या आवाजापेक्षा हा प्रश्न आम्हांस अधिक ऐकू येत आहे.

अशा उपचारांचा आमच्या धर्मजीवनाशीही एका बाजूने संबंध आला आहे, म्हणून तेही सांगतो. आल्फ्रेड तोमातिस (१९२०–२००१) हे फ्रान्समधील कानाचे डॉक्टर. मठवासीयांनी ग्रेगोरियन गायन कमी केल्यामुळे ते थकून गेले आणि गायन पुन्हा सुरू होताच सावरले, असे ते सांगत. काही ध्वनी मेंदूस शक्ती पुरवितात असा त्यांचा सिद्धान्त होता, आणि गाळलेले संगीत ऐकविणारे यंत्र वापरून त्यांची पद्धत जगभर पसरली. कानांच्या तक्रारींवर ती गुणकारी असल्याचे भक्कम प्रमाण मिळालेले नाही. त्यांच्याच देशातील गी बेरार यांची तशीच एक पद्धत आवाज सोसवत नसलेल्या मुलांसाठी गाजली. अमेरिकेतील वाचा व श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने २००४ साली तिला शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीर केले. ग्रेगोरियन गायन ही प्रार्थना आहे. प्रार्थनेने मनास विसावा मिळतो हे आम्ही कसे नाकारू? पण तीच बाटलीत भरून औषध म्हणून विकू लागलो तर प्रार्थनेचाही अपमान होतो आणि रोग्याचाही.

प्रामाणिक डॉक्टरांनीही आपले उपाय तपासून पाहिले आहेत, हे येथे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. कानांत मंद आवाजाची यंत्रे बसवून आणि समजूत घालून मेंदूस नवी सवय लावण्याची एक पद्धत १९९० पासून प्रसिद्ध आहे. तिची कसोटी अमेरिकेच्या सैन्यदलांशी संबंधित १५१ रुग्णांवर घेण्यात आली व निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. काहींस खरी यंत्रे दिली, काहींस नावापुरती, आणि काहींस नेहमीची सल्लामसलत. तिन्ही गटांस बरे वाटले, आणि जवळजवळ सारखेच. याचा अर्थ आम्ही असा घेतो की गुण आला तो यंत्राने कमी आणि कोणीतरी नीट ऐकून घेतल्याने व समजावून सांगितल्याने अधिक. कानांतल्या आवाजाविषयीची भीती आणि विचारांची पकड सोडविणारी मानसोपचाराची जी पद्धत आहे, तिने आवाज कमी होत नाही पण त्याचा जाच कमी होतो, याचे प्रमाण चांगले आहे. ज्यांस ऐकूही कमी येते त्यांस श्रवणयंत्राचा उपयोग होतो. याउलट कानांत लसणीचे तेल ओतणे, जळती मेणबत्ती लावणे, रस्त्यावर कान कोरून घेणे, यांनी असलेले नुकसान वाढते.

संकेश्वर सोडल्यावर तवंदीचा घाट लागतो. घाटात स्तवनिधीचे जैन तीर्थक्षेत्र आहे. तेथील झाडीत क्षणभर वाऱ्याखेरीज काही ऐकू येत नव्हते. मग पुणे–बंगळूर महामार्गावरील मालमोटारींचे भोंगे घेऊन आमची बस निपाणीत उतरली. निपाणी म्हणजे तंबाखू. वखारींच्या गल्लीतून जाताना नाकास आधी कळते आणि ठसका लागतो. या गावाने मोठे आवाज ऐकले आहेत. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी याच महामार्गावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिल १९८१ रोजी पोलिसांचा गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्या दिवसाचा आवाज गावाच्या कानांतून अजून गेलेला नाही, हे जुन्या माणसांशी बोलताना जाणवते.

आमच्या मेहुण्यांच्या घराशेजारी पाच-सहा बायका ओसरीवर विड्या वळीत बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात पाने आणि जर्दा, हातात कात्री. हजार विड्यांवर मजुरीचा हिशेब, त्यामुळे हात थांबवून बोलणे परवडत नाही. मेहुण्यांनी आमच्या दुखण्याची ओळख करून देताच त्यांतील एक वयस्क बाई मान वर न करता म्हणाल्या, "मास्तर, माझ्या बी कानात किडा हाय. टीबी झाला हुता, तवा सुया घेतल्या. तवापास्नं." त्या बरोबर सांगत होत्या. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने अनेकांचे प्राण वाचवून गेली, पण काहींच्या कानांस दुखवूनही गेली. आम्ही विचारले, "मग काही उपाय केलात?" त्या म्हणाल्या, "एक जण आला हुता, यंत्र घ्या म्हनला. म्या म्हनलं, बाबा, तुझं यंत्र घेऊ का पोरीची फी भरू? किडा वरडतोय, वरडू दे. माझी कात्री थांबली तर पोट कोन भरंल?" एवढे बोलून त्यांनी एक विडी वळून दोरा बांधला, आणि कात्रीची टिकटिक पुन्हा चालू झाली. एकवीस बैठकांत जे मिळाले नाही ते त्या ओसरीवर फुकट मिळाले. बाईंस ते देता आले कारण त्यांच्याजवळ आमच्यासारखी दारे लावून बसण्याची चैन नव्हती. त्यांचे दारिद्र्य चांगले असे आम्ही म्हणत नाही. त्यांचे शहाणपण मोठे, असे म्हणतो.

परतीच्या वाटेवर काकतीमार्गे बेळगावात शिरलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. मिस्सेस वेळ होता, म्हणून किल्ल्यात गेलो. खंदकाकाठून आत जाताच शहराचा गलबला मागे राहतो. आत तेराव्या शतकाच्या आरंभीची, रट्टांच्या काळातली कमल बस्ती आहे. तिच्या छतावरील दगडी कमळाखाली उभे राहिलो असता बाहेरचे भोंगे दूरचे वाटले. आतला रातकिडा मात्र होता तेथेच होता. अशा वेळी आम्हांस आविलाच्या संत तेरेजाची आठवण झाली.

संत तेरेजाने १५७७ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, आत्म्यास किल्ल्याची उपमा देऊन 'अंतरीचा किल्ला' या अर्थाच्या नावाचा ग्रंथ लिहिला. त्याच्या चौथ्या भागात ती मध्येच सांगते की, लिहीत असताना तिच्या डोक्यात मोठे आवाज चालले आहेत. जणू नद्या वाहत आहेत, पाणी कोसळत आहे, पाखरे आणि शिट्या वाजत आहेत. गोकाकचा धबधबा आणि आमचा रातकिडा दोन्ही तिच्या डोक्यात होते! आमच्या ओळखीच्या एका भाविक माणसाने आम्हांस एकदा सांगितले होते की, कानांत ऐकू येतो तो दिव्य नाद आहे, तुम्ही भाग्यवान. तेरेजा असे काही म्हणत नाही. ज्या स्त्रीस खरोखर दिव्य अनुभव आले, तिने आपल्या डोक्यातल्या आवाजास देहाची पीडा म्हणूनच ओळखले. पण ती पीडा किल्ल्याच्या बाहेरच्या आवारात राहते आणि आतल्या दालनात आत्मा देवापाशी शांत असू शकतो, हे तिने अनुभवाने जाणले. भरकटणाऱ्या मनाविषयी तर तिने गिरणीचा दृष्टान्त दिला आहे. गिरणीची खडखड होऊ द्यावी आणि आपण आपले पीठ दळीत राहावे, असा त्याचा आशय. वडगावचा माग, निपाणीची कात्री आणि तेरेजाची गिरणी यांचा अर्थ आम्हांस त्या दगडी कमळाखाली एकदम एकच दिसला. १९७० साली ख्रिस्तसभेने या संतेस धर्मपंडिता हा सन्मान दिला. आमच्यापुरती ती त्या संध्याकाळी कानांचीही वैद्य झाली.

त्या संध्याकाळी नोव्हेनेची मिस्सा होती. आम्ही मागच्या बाकावर, ध्वनिक्षेपकापासून दूर बसलो. खिशात कापूस होता. तो तेथेच राहिला. गायन सुरू झाले तेव्हा खांदे आखडले, घाम आला. आम्ही मनाशी म्हटले, गिरणी चालू द्या. अर्पणाच्या वेळी आवाज टोचत होता आणि परमप्रसादाच्या वेळीही थोडा टोचत होता. पण आम्ही रांगेत उभे होतो. पुष्कळ महिन्यांनी आम्ही प्रभूचा स्वीकार केला. पत्नी शेजारी होती. तिने काही विचारले नाही, आणि आम्ही काही सांगितले नाही.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामात अशी माणसे थोडी नाहीत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जगभरच्या पाहण्यांच्या एकत्रित अभ्यासाप्रमाणे प्रौढांपैकी सुमारे १४ टक्के लोकांस कानांतला आवाज ऐकू येतो, आणि सुमारे २ टक्क्यांस तो तीव्र स्वरूपाचा असतो. म्हणून दोन गोष्टी हात जोडून सांगतो. पहिली रुग्णांस. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यांबरोबर होत असेल, चक्कर येत असेल, किंवा अचानक ऐकू येईनासे झाले असेल, तर वाट न पाहता कानाच्या डॉक्टरांकडे जा. अचानक आलेल्या बहिरेपणात दिवसांची नव्हे, तासांची किंमत असते. साधा मळ किंवा एखादे औषधही कारण असू शकते. तपासणीत काही वावगे निघाले नाही तर 'मुळासकट' हा शब्द उच्चारणाऱ्याच्या दारातून परत फिरा, आणि घरच्यांपासून काही लपवू नका.

दुसरी गोष्ट आपणां सर्वांस. ध्वनिप्रदूषणाचे नियम आपल्या देशात २००० सालापासून आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद असावेत असे ते सांगतात. त्याच वर्षी ३० ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने चेन्नईतील एका ख्रिस्ती प्रार्थनामंदिराच्याच खटल्यात निर्णय दिला की, शेजाऱ्यांची शांतता मोडून प्रार्थना करा असे कोणताही धर्म सांगत नाही. दुसऱ्यांच्या मिरवणुकीतील ढोलताशांविषयी बोलण्याआधी आपल्या सणाचे फटाके आणि आपल्या मंदिरातील कर्णे थोडे तपासू या. देवास ऐकू येण्यासाठी आवाज मोठा करावा लागत नाही, आणि मागच्या बाकावर बसलेल्या एखाद्या दुखऱ्या कानास तो लहान केल्याने प्रभूच्या मेजापर्यंत येता येते. प्रभू येशूने बहिऱ्या माणसास बरे केले तेव्हा प्रथम त्यास गर्दीतून बाजूस घेतले, हे शुभवर्तमानकाराने विसरू दिलेले नाही.

हे लिहीत असताना रातकिडा ओरडत आहे. खिडकी उघडी आहे, आणि गल्लीत कोणाच्या तरी कुकरची शिटी झाली. आम्ही लेखणी खाली ठेवली नाही.